दोन वर्षांचे परमिट आणि तीन एकर बांधी

प्रतापगडच्या बाजूच्या एका शेतकऱ्याचे पत्र या पानाकडे आले आहे. अक्षर मोठे, ओळी वाकड्या, पण मुद्दा सरळ. मुलगा नागपूरला शिकून इंजिनिअर झाला. त्याला इंग्लंडातील एका विद्यापीठात एक वर्षाच्या एम. एस्सी.ला प्रवेश मिळाला असून वर्ग सप्टेंबर २०२६ मध्ये सुरू व्हायचे आहेत. सारा खर्च पंचवीस लाखांच्या घरात. मुलाने गाठलेल्या सल्लागाराने घरच्यांना सांगितले की, शिक्षण संपले की तिथले सरकार दोन वर्षांचे कामाचे परमिट देते आणि त्या दोन वर्षांत सगळे कर्ज फिटून जाते. बँक वावर तारण धरत नाही, तर सहा एकरांपैकी तीन एकर बांधी विकून टाका, हा सल्लाही त्याचाच. पत्राच्या शेवटी शेतकऱ्याने लिहिले आहे, "पोट्टा म्हनते, बाबा, दोन सालात फेडतो. मी का करू जी?"

या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देता आले असते. पण असाच प्रश्न आणखी चारपाच घरांत घोळत असेल, म्हणून आज ही सगळी जागा त्यालाच दिली आहे.

प्रतापगड म्हटले की आपल्या जिल्ह्याच्या डोळ्यांपुढे किल्ल्याचा डोंगर, महाशिवरात्रीची जत्रा आणि तिथलाच दर्गा उभा राहतो. धान निघाले की नागपूर, हैदराबादकडे कामाला जाणारी माणसेही या भागाने कायम पाहिली. पण मुलगा शिकायला सातासमुद्रापार जातो आणि त्यासाठी बाप सातबारा घेऊन बँकेच्या पायऱ्या चढतो, हे अर्जुनी मोरगाव तालुक्यात कालपरवापर्यंत ऐकिवात नव्हते. आता ते होऊ लागले याचा आम्हाला आनंदच आहे. मुलांनी जाऊ नये असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. पण बांधी कशाच्या भरवशावर विकायची, ते तरी नीट ठाऊक असावे.

पहिली गोष्ट म्हणजे, पत्रातले दोन वर्षे हेच चूक आहे. इंग्लंडात शिकून पदवी घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्याला पुढे काही काळ काम करण्यासाठी जो व्हिसा मिळतो, त्याला तिकडे 'ग्रॅज्युएट रूट' म्हणतात. तो १ जुलै २०२१ पासून सुरू झाला. पदवी आणि एम. एस्सी.वाल्यांना दोन वर्षे, पीएच. डी.वाल्यांना तीन वर्षे अशी त्याची मुदत. मात्र २०२५ साली तिथल्या सरकारने ठरवले की, १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज येतील त्यांना दीडच वर्ष मिळेल, पीएच. डी.ची तीन वर्षे तेवढी कायम. हा अर्ज शिक्षण पूर्ण झाल्यावरच करता येतो. आपला मुलगा सप्टेंबर २०२६ ला बसणार म्हणजे सप्टेंबर २०२७ ला उठणार. त्याच्या वाट्याला दीड वर्षच येणार. सल्लागाराच्या पत्रकात अजून दोन वर्षे छापलेली असतील तर ते पत्रक जुने आहे, किंवा सल्लागाराला ते नवे करण्याची गरज वाटलेली नाही.

आणि हे काही पहिल्यांदा घडले नाही. याआधीही इंग्लंडात असाच परवाना होता. तो २०१२ च्या एप्रिलमध्ये बंद झाला. त्या वर्षी जी मुले शिकत होती त्यांचे बेत वर्गात बसल्या बसल्या बदलले. नऊ वर्षांनी तो पुन्हा उघडला, आता पुन्हा आखूड झाला. जानेवारी २०२४ पासून एम. एस्सी.सारखे शिकवणीचे अभ्यासक्रम करणाऱ्यांना बायकोपोरे सोबत नेण्याचीही मुभा उरली नाही. सरकार त्यांचे, देश त्यांचा, नियम त्यांनी बदलायचा. त्यावर आपण रागावण्यात अर्थ नाही. पण जो नियम बारा-पंधरा वर्षांत तीनदा फिरला, त्याच्यावर बापजाद्यांची बांधी लावताना माणसाने दहादा विचार करावा.

दुसरी गोष्ट पहिलीपेक्षाही मोठी. परमिट म्हणजे नोकरी नव्हे. हे वाक्य घरोघरी सांगावे लागेल असे दिसते. इटियाडोहच्या कालव्याची पाळी जशी असते, तसेच हे. पाळी आली म्हणजे ठरलेल्या दिवसांत पाणी तुमच्या बांधीत घेता येईल. पण पऱ्हे तयार नसतील, रोवणीला माणसे मिळाली नसतील, तर पाणी पुढच्या गावाला निघून जाते आणि पाटकऱ्याशी भांडून काही मिळत नाही. परमिट काम करण्याची मोकळीक देते. काम शोधायचे ज्याचे त्याने. दीड वर्षाचे घड्याळ व्हिसा मिळाल्या दिवशी सुरू होते, नोकरी लागल्या दिवशी नव्हे. सहा महिने नोकरीच मिळाली नाही तर ते सहा महिने गेले. आणि हा परवाना वाढवून मिळत नाही.

मुदत संपल्यावर राहायचे असेल तर 'स्किल्ड वर्कर' नावाचा दुसरा व्हिसा लागतो. त्यासाठी तिथल्या सरकारचा परवाना असलेला मालक हवा, काम पदवीधराच्या दर्जाचे हवे आणि पगारही ठरलेल्या रकमेच्या वर हवा. जुलै २०२५ पासून ही रक्कम सर्वसाधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंड आहे. नुकत्याच शिकून निघालेल्यांना सवलत म्हणून ३३,४००. पौंड ११५ रुपयांचा धरला तर सवलतीचा आकडासुद्धा ३८ लाखांच्या वर जातो. ज्याला असा पगार मिळतो तो कर्ज फेडेलही, त्याच्याबद्दल प्रश्न नाही. ज्याला दुकानात, गोदामात, हॉटेलात तासावर काम मिळाले, त्याला दीड वर्षानंतर परत यावे लागते. त्याचे पोट भरले असेल. बँकेचे भरले असेल असे सांगता येत नाही.

आता हिशेब करू. पत्र लिहिणाऱ्या भाऊंनी तो घरी पाटीवर करून पाहावा. पंचवीस लाख कर्ज, व्याज शेकडा ११ धरू. बँका शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता मागत नाहीत, पण व्याज चालूच राहते. सोयीसाठी सारी रक्कम पहिल्याच दिवशी उचलली असे समजू. वर्षाचे सरळ व्याज झाले २ लाख ७५ हजार. दोन वर्षांचे साडेपाच लाख. म्हणजे हप्ते सुरू होतील तेव्हा डोक्यावर साडेतीस लाख असतील. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता ४२ हजार रुपयांच्या आसपास येतो. असे हप्ते एकशेवीस.

हे धानात मोजा. २०२५-२६ च्या हंगामात सर्वसाधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. त्या भावाने एका वर्षाचे नुसते व्याज म्हणजे ११६ क्विंटल धान. एकरी पंधरा क्विंटल धरले तर जवळजवळ आठ एकरांचे सगळे पीक, त्यातून खत, मजुरी, नांगरणी काहीही वजा न करता. आणि भाऊंकडे आहेत सहा एकर. त्यातलीही तीन विकली तर उरतात तीन. मुलाचे तिकडे बसले नाही तर ही तीन एकर ते ओझे ओढू शकत नाही, हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे, तारखा. शिक्षण सप्टेंबर २०२७ ला संपणार. निकाल आणि विद्यापीठाचा दाखला यात महिने-दोन महिने जातात, कधी जास्तही. नवा व्हिसा २०२७ च्या शेवटी मिळाला असे धरू. तो २०२९ च्या मध्यात संपेल. बँकेचा पहिला हप्ता मात्र सप्टेंबर २०२८ च्या सुमाराचा. म्हणजे एकशेवीस हप्त्यांपैकी जेमतेम नऊ-दहा हप्ते परमिटच्या काळात पडतात. उरलेले एकशेदहा त्यानंतरचे. 'दोन सालात फेडतो' हे बोलणे कोणत्या कागदावर बसते ते आम्हाला दिसले नाही. मुलगा खोटे बोलतो असे आमचे म्हणणे नाही. तो ऐकलेले सांगतो आणि मनापासून सांगतो.

आणखी एक खर्च पत्रकात बहुधा नसतो. या दुसऱ्या व्हिसाची फी वेगळी आणि तिथल्या सरकारी दवाखान्याचा अधिभार वेगळा. तो वर्षाला १,०३५ पौंड, सगळ्या मुदतीचा आगाऊ. दीड वर्षाचे पावणेदोन लाख रुपयांच्या वर होतात. हे पैसे मुलाच्या हातात नोकरी येण्याआधी भरायचे असतात. शिकताना काम करून हे जमवतो म्हणावे, तर शिक्षण चालू असताना आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करायची मुभा नाही. मर्यादा मोडली की व्हिसाच धोक्यात.

कागदाच्या मुदतीवर परक्या मुलखात राहणे म्हणजे काय, हे खरे तर प्रतापगडच्या लोकांना पुस्तकातून शिकायला नको. गोठणगावजवळची तिबेटी वसाहत, नोर्ग्येलिंग, १९७२ च्या सुमारास वसली. ती माणसे आपले शेजारी झाली, बाजारात आपल्याशी मराठी-हिंदी बोलतात, थंडीत स्वेटर विकायला दूरच्या शहरांत जातात. पण त्यांच्यातल्या कितीतरी जणांना आजही नोंदणीचा दाखला जपावा लागतो, मुदतीत नवा करून घ्यावा लागतो, परदेशात जायचे तर पासपोर्टऐवजी वेगळे ओळखपत्र काढावे लागते. त्यांचे येणे नाइलाजाचे होते, आपल्या मुलांचे जाणे हौसेचे आहे, हा फरक आहेच. तरी तारीख चुकली की काय धावपळ होते, ते त्यांच्यातल्या कुणाला विचारले तर कोणत्याही सल्लागारापेक्षा चांगले समजेल.

इंग्लंडचे एवढे लांबवले, कारण पत्र तिथले होते. दुसऱ्या देशांचेही थोडे सांगतो.

अमेरिकेत या परवान्याला 'ओपीटी' म्हणतात. नावातच ट्रेनिंग आहे, आणि कायद्याने तो शिक्षणाचाच भाग मानला जातो. मुदत बारा महिने. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या विषयांच्या पदवीला आणखी चोवीस महिने वाढवून मिळतात. शेतीशास्त्रातलेही बरेच विषय, जसे मृदाशास्त्र, वनस्पतिशास्त्र, अन्नशास्त्र, त्या यादीत आहेत. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून निघालेल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. काम शिकलेल्या विषयातलेच हवे. पहिल्या वर्षात एकूण नव्वद दिवसांपेक्षा जास्त बिनकामाचे राहिले तर परवान्याचा आधारच जातो. अर्जाची खिडकीही ठरलेली: शिक्षण संपण्याच्या नव्वद दिवस आधीपासून संपल्यानंतर साठ दिवसांपर्यंत. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत भारताचे ३ लाख ३१ हजारांवर विद्यार्थी मोजले गेले, त्यांतले सुमारे ९७ हजार याच परवान्यावर होते. म्हणजे आपली मुले तिथे काम करतात हे खोटे नाही. पण पुढे टिकायचे तर एच-१बी व्हिसा, आणि तो वर्षाला ८५ हजारांनाच. अर्जदार त्याहून कितीतरी जास्त, म्हणून सोडत काढतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लावल्याचा हुकूम काढला. महिनाभराने खुलासा झाला की, तिथेच राहून विद्यार्थ्याचा व्हिसा बदलून घेणाऱ्यांना तो लागू नाही. मधल्या महिन्यात किती आईबापांची झोप उडाली असेल त्याची मोजदाद कोणी ठेवत नाही.

अमेरिकेबाबत एक विसंगती सांगायलाच हवी. मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला मुलगा उभा राहतो तेव्हा शिक्षण झाल्यावर आपण परत येणार, हे त्याला अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागते. विद्यार्थ्याच्या व्हिसाची अटच ती. आणि घरी बापाला पटवून दिलेले असते की परत येणार नाही, तिकडे कमावणार. दोन्ही ठिकाणी एकच मुलगा बोलतो. कर्जाचा अर्ज मात्र दुसऱ्या बोलण्यावर उभा असतो.

कॅनडाचा परवाना शिक्षणाच्या काळानुसार, जास्तीत जास्त तीन वर्षे, आणि जन्मात एकदाच. फेब्रुवारी २०२४ पासून मास्टर्सवाल्यांना छोट्या अभ्यासक्रमानंतरही तीन वर्षे मिळू लागली. ती चांगली बाजू. पण नोव्हेंबर २०२४ पासून भाषेची परीक्षा आली, आणि कॉलेजच्या डिप्लोम्याला विषयांची यादी. जून २०२५ मध्ये त्या यादीतून १७८ विषय वगळल्याचे जाहीर झाले, आणि काही दिवसांतच ते वगळणे पुढे ढकलले. ज्या खासगी कॉलेजांत सरकारी कॉलेजाचा अभ्यासक्रम चालतो, तिथे मे २०२४ च्या मध्यानंतर दाखल झालेल्यांना हा परवानाच नाही. फी मात्र तिथे तेवढीच भरायची. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून बहुतेकांसाठी वयाची अट पन्नासवरून पस्तीसवर आणली. भारताशी झालेल्या करारामुळे आपल्या मास्टर्सवाल्यांना तीन वर्षांपर्यंत मिळतात. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला दीड वर्ष, आणि बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही किंवा नाममात्र. राहण्याखाण्यासाठी मात्र वर्षाचे ११,९०४ युरो आधी खात्यात अडकवून दाखवावे लागतात, आणि जर्मन भाषा आल्याशिवाय नोकरीचे दार फारसे उघडत नाही. आमच्या मते, ज्याच्या घरी पैसा कमी आणि मुलाच्या अंगात चिकाटी जास्त, त्याने आधी या देशाचा विचार करावा. गावातली मुले इंग्लंड-कॅनडाच म्हणतात, कारण एजंट तेच म्हणतो.

एजंट तेच का म्हणतो? बहुतेक ठिकाणी त्याला मुलामागे तिकडच्या विद्यापीठाकडून दलाली मिळते. जिथून दलाली नाही तिकडचा रस्ता त्याच्या नकाशावर नसतो. सगळेच वाईट असे आम्ही म्हणणार नाही. काही जण कागद नीट भरून देतात. पण एक गोष्ट लक्षात घ्या. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली केंद्र सरकारची नोंदणी लागते. शिक्षणासाठी पाठवणारा या कायद्यात बसत नाही. त्यामुळे भिंतीवर फ्रेममध्ये लावलेले सर्टिफिकेट पाहून दबून जाऊ नका. २०२३ साली कॅनडात पंजाबकडच्या बऱ्याच मुलांची प्रवेशपत्रे बनावट निघाली. ती मुले शिकून, कामाला लागून, कायम वास्तव्याचा अर्ज करायला गेली तेव्हा कुठे ते उघडकीस आले. मुलांना पत्र खोटे आहे याची कल्पनाच नव्हती. त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. मुलाच्या मोबाइलवर ती दहा मिनिटांत पाहता येते. विद्यापीठाला थेट पत्र लिहून प्रवेश खरा का, हेही विचारता येते. त्याला पैसे पडत नाहीत.

आता बँकेकडे. "बँक वावर धरत नाही," असे पत्रात तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. ते खरे आहे आणि त्याला कारण आहे. थकीत कर्जासाठी कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा जो २००२ चा सरफेसी कायदा आहे, त्यातून शेतजमीन वगळली आहे. वसुली अवघड म्हणून मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँका शेतजमिनीचे तारण सहसा टाळतात; घर, प्लॉट, मुदतठेव मागतात. साधारणपणे चार लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार चालतो, त्यावर मात्र तारण. शेतकऱ्याची दुसरी अडचण प्राप्तिकराच्या विवरणाची. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, म्हणून विवरण भरलेले नाही, म्हणून बँकेच्या लेखी बापाला उत्पन्नच नाही! मग बँकेचा अधिकारी दुसरा सहकर्जदार आणा म्हणतो, आणि माणूस खासगी वित्त कंपनीकडे जातो, जिथे व्याज जास्त, किंवा त्याहून खाली, गावच्या सावकाराकडे.

हा कायदा शेतकऱ्याच्या आड येतो असे वरवर वाटते. आम्हाला उलटे वाटते. बँक जे वावर घेत नाही ते वावर वाचते. सल्लागाराने मात्र हीच पळवाट काढली की, तारण चालत नाही तर विकून टाका. विकलेली बांधी परत येत नाही. कर्जाची मुदत बँकेशी बोलून वाढवता येते, हप्ता कमी करून घेता येतो, दहाची पंधरा वर्षे करता येतात. खरेदीखत झाल्यावर बोलायला कोणी उरत नाही. आणि नुसत्या सहीअंगठ्यावर सावकाराला इसार करून देण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर आधी सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे त्याचा परवाना आहे का, ते पाहा. २०१४ च्या सावकारी कायद्याने बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळवण्याची सोय केली आहे, पण त्या वाटेने गेलेल्यांना चपला किती झिजल्या ते विचारा.

इथे गावच्या कर्मचाऱ्यांशी दोन शब्द. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे, असे २०२४ मध्ये ठरले. नाव मोठे झाले, काम तेच आहे, आणि या बाबतीत ते फार मोलाचे आहे. गावठाणातल्या घराचे मालमत्ता पत्रक स्वामित्व योजनेतून झाले असेल तर ते घर बँकेपुढे ठेवता येते. वावराला हात लावावा लागत नाही. ते पत्रक अडले असेल तर कशाने अडले ते पाहा. आजोबांच्या नावावरचा सातबारा, वारस फेरफार वर्षानुवर्षे पडून, चार भावांची नावे एकत्र, हे चित्र आपल्याकडे घरोघरचे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणी, यांतला एक कागद आठ दिवस उशिरा आला की शिष्यवृत्तीची तारीख निघून जाते. आणि शिष्यवृत्ती गेली की तोच माणूस बांधी विकायला निघतो. त्या आठ दिवसांची किंमत कधी कधी तीन एकर असते.

शिष्यवृत्तीचे नाव काढले म्हणून सांगतो. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विकास विभागाची आदिवासी मुलांसाठी वेगळी, इतर मागास आणि भटक्या विमुक्तांसाठी वेगळी, आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहेच. इतर मागास महामंडळाची कर्जावरील व्याज परताव्याची योजनाही आहे. जागा थोड्या, विद्यापीठ नामांकित हवे, उत्पन्नाची मर्यादा असते आणि जाहिरात दरवर्षी ठरावीक दिवसांपुरतीच निघते. आपल्या तालुक्यात गोंड, हलबा, कोहळी, कुणबी, पोवार, बौद्ध अशी सगळी वस्ती आहे. यातली एकही योजना ज्याला लागू नाही असे घर शोधावे लागेल. तरी या योजनांचे नाव एजंटाच्या तोंडून ऐकले असे आम्हाला अजून कुणी सांगितलेले नाही. सह्या करताना मात्र करारनामा वाचा. शिक्षणानंतर परत येण्याबद्दल त्यात काय लिहिले आहे आणि परमिट घेऊन थांबल्यास काय होते, ते आधीच विचारून ठेवा.

करारनाम्यावरून बाबासाहेब आठवतात. १९१३ साली बडोदे संस्थानची तीन वर्षांची शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. बडोद्यात नोकरी होती, पण जातीमुळे राहायला जागा मिळेना. पुढे मुंबईत प्राध्यापकी करून पैसा साठवला, थोडी मदत आणि उसनवारी केली, आणि १९२० मध्ये ते लंडनला पुन्हा गेले व राहिलेले शिक्षण पुरे केले. याच भंडारा मतदारसंघातून १९५४ ची पोटनिवडणूक त्यांनी लढवली होती, तेव्हा गोंदिया त्याच जिल्ह्यात होते. आपल्याकडच्या जुन्या माणसांनी त्यांच्या सभांच्या आठवणी सांगितलेल्या आहेत. त्यांच्या शिकण्यात कुणाची जमीन विकली गेली नाही. मुदत आली तेव्हा ते परत आले, आणि पैसा जमला तेव्हा पुन्हा गेले. आजच्या मुलालाही एका खेपेत सगळे उरकण्याची सक्ती नाही. दोन वर्षे इथे नोकरी करावी, थोडी पुंजी जमवावी, शिष्यवृत्तीचा अर्ज करावा, मग जावे. वय निघून जात नाही.

पत्र लिहिणाऱ्या भाऊंना आम्ही वेगळे उत्तर पाठवले आहे. त्यात लिहिले आहे की, मुलाला समोर बसवून एकच गोष्ट विचारा: परमिट मिळालेच नाही, शिक्षण संपले आणि तू परत आलास, तर नागपूर-पुण्याच्या पगारात महिन्याला बेचाळीस हजार निघतील का? निघतील असे तो कागदावर दाखवू शकला, तर कर्ज घ्या, त्याच्या नावावर घ्या, तुम्ही सहकर्जदार व्हा. निघत नसतील तर कर्ज लहान करा, देश बदला किंवा वर्षभर थांबा. तीन एकरांचा ग्राहक कोण आहे, हेही विचारले आहे. कारण पत्रात एका ओळीत आले आहे की गिऱ्हाईक सल्लागारानेच आणले.

सोबत त्यांनी प्रवेशपत्राची झेरॉक्स जोडली होती. ती आम्ही दोनदा वाचली. विद्यापीठाचे नाव आहे, विषय आहे, फी आहे, आगाऊ रक्कम भरण्याची तारीख आहे. परमिटबद्दल त्यात एक अक्षर नाही. तारखेला अजून अवकाश आहे. तोवर इसाराचे पैसे घेऊ नयेत, एवढे आम्ही त्यांना तारेसारखे मोबाइलवर कळवले, आणि मुलाला घेऊन पुढच्या मंगळवारी अर्जुनीला या म्हणून सांगितले आहे.